भट्टीचं झाकण

नानकटाई घरातल्या घरात करता येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आमच्या लहानपणी ती भट्टीवरून करून आणायची असायची. पीठ आपलं, तूप आपलं, साखर आपली, आणि विस्तव भट्टीवाल्याचा. दिवाळी नाहीतर घरातलं लग्न जवळ आलं की सामान बांधून लोहारा गावी न्यायचं, भट्टीवाल्यासमोर बसायचं, तो मळतो ते बघायचं, थापतो ते बघायचं, आणि भाजून निघालेल्या नानकटाया पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायच्या. या सगळ्यात मोठं काम बसणाऱ्याचं. भट्टीवाला तूप मारतो, असं आमच्या गावात घराघरांत धरून चालायचे. मारताना कुणी बघितलं होतं का? नाही. पण बघितलं नाही म्हणजे तो फार हुशारीनं मारतो, एवढाच त्याचा अर्थ लावायचे.

आमच्या घरात हा अर्थ लावणारी माझी आत्या. बापूची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला म्हणून परत आलेली, आणि मग आमच्याच घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. माझी माय तिच्यापुढं हळू बोलायची, बापूसुद्धा बाहेर जाताना तिला सांगून जायचा. पहाटे आमच्याकडं पहिला आवाज रवीचा. दोन म्हशी होत्या. माय ताक घुसळायची आणि आत्या शेजारी बसून लोण्याच्या गोळ्यावर नजर ठेवायची. माय ते कुणाला देणार होती, देव जाणे. आठवड्याचं लोणी साठलं की आत्या स्वतः कढवायची. विड्याचं पान टाकलेल्या त्या तुपाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि आत्या दार लावून घ्यायची, कारण वासावरून बायका मागायला येतात. तूप किटलीत भरलं की तोंडाला फडकं बांधून वर गाठ मारायची. ती गाठ तिची तिलाच मारता यायची. दुसऱ्या कुणी सोडून पुन्हा बांधली तर तिला कळायचं. आम्ही दोघी बहिणींनी करून बघितली होती, म्हणून सांगते.

बाजारातही तिचं तेच. घोंगडी घ्यायची झाली तर विणकराच्या पुढ्यात बसून ती आधी घोंगडी उलटी करायची, मग कडेची एक लोकर उपटायची आणि काडी ओढून पेटवायची. केस जळल्याचा वास आला तर लोकर खरी. विणकर म्हणायचा, "आक्का, दर साली जाळताव. एवड्या वर्सांत एकदा तरी सूत निगालं का?" ती म्हणायची, "निगालं न्हाय म्हनूनच जाळायचं. एकदा जाळायचं सोडलं की निगंल." बुरडाकडची दुरडी ती कानाला लावून बांबूची कामटी वाजवून घ्यायची. कुंभाराच्या मडक्यात पाणी भरून स्वतः अर्धी घटका उन्हात उभी राहायची आणि कुंभारालाही उभं करायची. पण एक मान्य केलं पाहिजे. तिनं आणलेली घोंगडी माझ्या मुलांच्या अंगावर होती, आणि अजून घरात आहे.

माझी नात नेहा धाराशिवला असते. अंगात ढगळ विजार, वर खणाच्या कापडाचा सदरा. आमच्या काळी खण फक्त चोळीला, आता पोरी त्याचे खिसे शिवतात. गेल्या हिवाळ्यात तिनं प्रदर्शनातून एक घोंगडी आणली. म्हणाली, आजी, बघ, हातमागाची, आपल्याच भागातली, कारागिराला थेट मदत. मी कडेचा धागा ओढला आणि काडी लावली. जळला नाही, वितळला. मण्यासारखा काळा गोळा झाला. नेहा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तरी काय करू, हात त्या बाईच्या हाताखाली तयार झाला.

तर सुमनचं लग्न ठरलं. सुमन माझी थोरली बहीण. मुलगा अणदूरचा, घर शेतीवाडीचं, खातंपितं. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, म्हणजे मुलीच्या घरच्या हाताची करामत एका खोलीत मांडून ठेवायची आणि मुलाकडच्या बायकांनी येऊन ती चाखायची, उचलून बघायची, नाकं मुरडायची. सुमननं स्वतः वाकळ शिवली होती, मण्यांचं तोरण केलं होतं, पोलक्याला फुगा बाही लावून घेतली होती म्हणून आत्याच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. लाडू, करंज्या घरी होणार होत्या. राहिल्या नानकटाया. अणदूरच्या विहीणबाईंबद्दल आमच्याकडं बातमी आली होती की बाई पदार्थ खात नाही, बोटानं दाबून तूप बघते. आत्यानं तीन महिने तूप साठवलं. कुणाच्या भाकरीला तेवढे दिवस थेंब मिळाला नाही, बापूलाही नाही.

बाजारच्या दिवशी आम्ही गाडी जुंपून लोहाऱ्याला गेलो. आत्या आणि मायला दुरड्या, सुपं घ्यायची होती. भट्टीवर बसायचं काम मला दिलं. मी तेव्हा चौथीत असेन. त्यानंतर शाळा सुटली, म्हणून एवढं नक्की सांगता येतं. गाडीतून उतरताना आत्यानं माझा कान धरला, ओढला नाही, नुसता धरला. "शांते, ध्यान दे. तूप परातीत पडूस्तोवर किटलीवरली नजर हलवायची न्हाय. एका पत्र्यावर चोवीस बसत्यात. भट्टीत सारल्यावर तो उठून गेला की झाकन काढून मोजायच्या."

"त्येनं काढू नगं म्हनलं तर?"

"काढू नगं म्हनंल तवाच काढायचं."

इस्माईलचाचांची भट्टी बाजाराच्या मागच्या बोळात होती. विटांचं घुमटीसारखं पोट, पुढं हातभर तोंड, आणि त्या तोंडावर लोखंडाचं जाड झाकण. सकाळचे पाव निघाले की उरलेल्या धगीवर नानकटाया लावायच्या. चाचा उंच, वाळके, भुवयांवर कायम पिठाची भुकटी. त्यांनी माझ्या हातातली किटली घेतली, आत्याची गाठ बघितली आणि हसले. "आक्काकी गांठ. हे बेटी तूच सोड, मी सोडलो तर माझ्यावर केस हुईल." मी सोडली. त्यांनी किटली परातीवर उपडी धरली, थेंब थांबेपर्यंत धरली, आणि किटलीचं तोंड माझ्याकडं करून दाखवलं. मग तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायला बसले. ते फेसणं मी अजून विसरले नाही. हात गोल फिरायचा, परात खाली सर्र सर्र वाजायची, पिवळं तूप हळूहळू पांढरं होत लोण्यासारखं फुगत जायचं. त्यात मैदा, थोडं बेसन, वेलदोडा. गोळा करून तळव्यात दाबायचा, वर एक चारोळी. मी प्रत्येक पत्रा मोजला. चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. ते न बोलता माझं मोजणं होईपर्यंत थांबायचे.

लांब दांड्याच्या फळीवरून चारही पत्रे आत गेले, दोन मागं, दोन पुढं. झाकण लागलं. चाचा म्हणाले, "आता झाकन नको काढू बेटी. हवा लागली की बसतेत." आणि माझी रिकामी किटली घेऊन मागच्या घरात गेले. भांडं गरम पाण्यानं धुऊन परत द्यायची त्यांची पद्धत होती, हे मला माहीत होतं. पण आतून किटलीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, चमच्यानं खरवडून घेत असतील. मग वाटलं, मागच्या बाजूनं भट्टीला दुसरं दार असलं तर? असं दार नसतं. पण आत्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला ते दिसायला लागलं.

मी फडकं घेऊन झाकण काढलं. धग तोंडावर आली. पुढचे दोन पत्रे मोजले, नीट होते. झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा काढलं, मागचे पत्रे दिसतात का म्हणून वाकून बघत राहिले. या खेपेला लावताना फडकं सरकलं, दोन बोटं लोखंडाला चिकटली. मी हात झटकला आणि झाकण तिरकंच राहिलं, एका बाजूला चांगली वीतभर फट. पुन्हा हात लावायची छाती झाली नाही. बोटं तोंडात घालून बसले.

चाचा आले तेव्हा त्यांनी आधी झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. झाकण ओढून लावलं. पण काम झालं होतं. मागच्या नानकटाया फुलून, वर चिरा पडून निघाल्या. पुढच्या दोन पत्र्यांवरच्या बसल्या, पसरल्या, एकमेकींना चिकटल्या. त्या सुट्या करून पुन्हा भाजल्या तर दगडासारख्या कडक झाल्या.

नेहाच्या ओव्हनला काचेचं दार आहे. आत दिवा लागतो. ती केक लावते तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसते आणि तो फुगताना बघते. तिला वाटतं आजीला मौज वाटते. वाटतेही. पण काचेतून दिसतं तेवढंच आत आहे की नाही, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ती दुकानातून 'घरगुती' म्हणून लिहिलेल्या पुड्यातल्या नानकटाया आणते. कुणाच्या घरातल्या, हे पुड्यावर लिहिलेलं नसतं.

आत्या आणि माय दुरड्या घेऊन आल्या. आत्यानं पुढच्या पत्र्यावरची एक नानकटाई उचलली, दाबली, ती दबली नाही. भट्टीवर आणखी चार-पाच घरच्या बायका सामान घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आत्या म्हणाली, "इस्माईल, तूप कुटं हाय यातलं?"

"आक्का, तूप सारखंच हाय चारी पत्र्यांत. मागची बघा की. पोरीनं झाकन काढलं, हवा लागली."

"पोरीवर ढकलतूस व्हय?" आत्या माझ्याकडं वळली. "शांते, झाकन काढलंस?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. बोटं मी परकराच्या घोळात धरली होती. आत्यानंच काढायला सांगितलं होतं, पण ते इथं बोलायचं नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी म्हणाले, "न्हाय." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "चाचा किटली घिऊन आत गेलते."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा त्यांच्याकडं बघितलं नाही. लगेच एक बाई म्हणाली की तिच्याही तुपाचं गेल्या दिवाळीला असंच झालं होतं. दुसरीला तिच्या सासूची गोष्ट आठवली. दोघींनी सामान उचललं आणि चालू लागल्या. चाचांनी आत्याकडून मजुरी घेतली नाही. नानकटाया डब्यांत भरल्या, चांगल्या वेगळ्या, कडक वेगळ्या, आणि आत निघून गेले.

संध्याकाळी जेवायला बसले तर मला भाकरी मोडता येईना. आत्या समोर होती. तिनं हात धरून उताणा केला. दोन्ही बोटांवर टरारून फोड आले होते. मला वाटलं, आता बसतोय तडाखा. तिनं उठून तूप आणलं, त्या दिवशी किटलीत घालण्याआधी वाटीभर मागं ठेवलेलं, आणि फोडांना लावलं.

"कुनी इचारलं तर चुलीवर भाजलं म्हन," ती म्हणाली.

"आत्या, झाकन म्या..."

"म्या इचारलं का तुला? आनि ध्यानात ठिव. भट्टीवाल्यानं तूप मारलं तर अब्रू त्येची जाती. न्हाय मारलं तर आमी कमी घातलं असं अणदूरवाले म्हनत्याल, आनि ते सुमनला जलमभर ऐकावं लागंल. आता जेव."

माय चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि भाकरी उलटली.

पुढच्या बाजारला मी बापूबरोबर गेले आणि त्याची नजर चुकवून बोळात शिरले. भट्टीवर कुणी नव्हतं. एरवी त्या दिवसांत बायकांची रीघ असायची. चाचा कट्ट्यावर बसून पत्रे खरवडत होते. मी लांबूनच म्हणाले, "चाचा, झाकन म्या काढलतं."

त्यांनी वर बघितलं. "मला काय सांगतीस? मला ठावं हाय." पत्रा उलटा केला, पुन्हा खरवडायला लागले. मी उभीच. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे बेटी. ते म्हणाले, "जिथं न्हाय म्हनलीस तिथं व्हय म्हन. इथं नको सांगू."

लग्न आमच्या दारातच झालं. रुखवताच्या खोलीत अणदूरच्या बायका शिरल्या. विहीणबाई बुटक्या, ठसठशीत, इरकलीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. आत्यानं चांगल्या नानकटाया वर रचून खाली कडक लपवल्या होत्या. विहीणबाईंनी वरची सोडून खालून हात घातला. त्या आणि आत्या, दोघी एकाच शाळेतल्या. दाबली, मोडायला बघितली, मग डब्याच्या काठावर आपटली. टक्क आवाज झाला. बायका हसल्या. सुमन कोपऱ्यात मुंडावळ्या बांधून बसली होती, तिची मान आणखी खाली गेली.

"तुपाचा हात आखडला वाटतं," विहीणबाई म्हणाल्या.

आत्यानं तयार ठेवलेलं सांगितलं. तीन महिन्यांचं तूप, किटली, भट्टीवाल्याची लबाडी, पोरीनं डोळ्यांनी बघितलं. सांगता सांगता चमच्यानं तूप काढल्याचंही आलं. मी हे कधी बोलले नव्हते. मनात आलं होतं ते तिनं कसं ओळखलं, कोण जाणे.

"लोहाऱ्याचा इस्माईल?" विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या खंडोबाच्या जत्रंत त्येचं पाल असतं की खारी-टोस्टच्या दुकानाचं. मालक पंचात हायत. सांगते त्यास्नी. औंदा लावूच देऊ नका म्हनावं."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ घालावं तसं म्हटलं. मला आठवतं, तेव्हा माझे फुटलेले फोड खाजत होते आणि मी बोटं दारावर घासत होते. मी तिथूनच म्हणाले, "व्हय. झाकन म्या काढलं. दोनदा. चाचानं तूप न्हाय मारलं."

आत्यानं तिथल्या तिथं माझ्या थोबाडीत दिली. पण बोललेलं बोललं गेलं होतं. विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग आत्याकडं. "म्हंजे तूप कुनी मारलं न्हाय."

"न्हाय," मी म्हणाले.

"मग तुमीच कमी घातलं की."

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. त्या हशातून सुमनची सुटका कधी झाली नाही. अणदूरला तिच्या हातची पोळी कडक झाली की सासू म्हणायची, माहेरचं तूप. सासू जाईपर्यंत म्हणत राहिली. लग्नाच्या दिवशी गाडीत बसताना सुमन रडत माझ्या गळ्यात पडली, असं सगळ्यांना दिसलं. ती माझ्या कानात म्हणाली, "तुला तोंड उघडायला माझंच लगीन सापडलं व्हय?" आता ती ऐंशीच्या पुढं आहे, फोनवर अजून म्हणते. मला वाईट वाटतं. पण पुन्हा तीच खोली असती तर मी काय केलं असतं, हे तिला विचारू देत नाही.

चाचांचं पाल जत्रेत लागलं. गावातल्या बायका मात्र सगळ्या परतल्या नाहीत. खरं काय ते कळूनही काही जणींना जुनं सोडवेना. तूप कमी भरल्याचं दुःख ठेवायला त्यांना एक जागा सापडली होती, ती त्या रिकामी कशाला करतील? चाचांनीही एक केलं. दिवाळी आली तेव्हा बोळात नवा नियम निघाला. सामान ठेवायचं आणि जायचं. भट्टीसमोर कुणी बसायचं नाही. पटत नसेल त्यानं सामान परत न्यावं.

आत्या सामान परत नेईल असं मला वाटलं होतं. पण दुसरी भट्टी लांब होती आणि सुमनचा पहिला दिवाळसण होता, जावई येणार होता. तिनं किटली चाचांच्या हातात दिली. मग ती बोळाच्या तोंडाशी, रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसली. तिथून भट्टी दिसत नाही, नुसती भिंत दिसते. ती दुपारभर त्या भिंतीकडं बघत बसली, पाणीसुद्धा प्यायली नाही. मी तिच्याजवळ उभी होते.

डबे आले. घरी आल्यावर आत्यानं झाकण उघडलं. नानकटाया एकसारख्या, फुललेल्या, वर बारीक चिरा. तिनं एक उचलली तशी ती बोटांतच विरघळली. तळव्यावर तुपाचा तेलकट डाग पडला. तिनं तो उजेडात धरून बघितला, अंगठ्यानं चोळला, मग मायकडं बघून हळूच म्हणाली, "ह्यात आपल्यापेक्षा जास्त तूप हाय. त्येनं का घातलं असंल?"

मी मनात हसले. मग आत्या उठून गेल्यावर मीही एक नानकटाई घेतली, मोडली, आणि खायच्या आधी आतून बघितली.